दर्शन आणि निदान : बिंगेनच्या हिल्डेगार्डविषयी

बाराव्या शतकातील जर्मन संन्यासिनी हिल्डेगार्ड हिच्या 'स्किव्हियास' या ग्रंथातील काही प्रकरणे मी मराठीत आणावयास घेतली, तेव्हा पहिली अडचण पहिल्याच पानावर उभी राहिली. लॅटिनमधील 'व्हिझिओ' या शब्दासाठी मराठीत कोणता शब्द योजावा? 'साक्षात्कार' म्हटले, तर त्या अनुभवाचे दैवी मूळ अनुवादकाने आधीच मान्य केले असे होते. 'भास' म्हटले, तर वैद्याने रोग्याच्या उशाशी बसून निकाल दिल्यासारखे होते. हा प्रश्न केवळ शब्दयोजनेचा नाही, हे लवकरच ध्यानात आले. गेली शंभराहून अधिक वर्षे या स्त्रीविषयी अभ्यासकांत जो वाद चालला आहे, तो मुळात या दोन शब्दांमधलाच आहे.

हिल्डेगार्डचा जन्म 1098 चा. ऱ्हाइन नदीच्या परिसरातील एका उमराव घराण्यातील ही मुलगी लहानपणीच धर्मकार्याला वाहिली गेली आणि डिसिबोडेनबर्ग येथील मठात युट्टा नावाच्या तपस्विनीच्या सहवासात वाढली. 1136 मध्ये युट्टा निवर्तली व तेथील संन्यासिनींचे प्रमुखपद हिल्डेगार्डकडे आले. 1141 मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, जे दिसते व ऐकू येते ते लिहून काढ अशी आज्ञा आपणास झाली, असे ती सांगते. तिने टाळाटाळ केली, अंथरुण धरले, आणि लेखणी हाती घेतल्यावरच ती उठली. सुमारे दहा वर्षांच्या परिश्रमानंतर 'स्किव्हियास' पुरा झाला. त्यात सव्वीस दर्शने आहेत. पुढे आणखी दोन दर्शनग्रंथ, शेकडो पत्रे, स्तोत्रे व त्यांच्या स्वररचना, निसर्ग आणि औषधी यांवरील लेखन असा मोठा संसार तिने मागे ठेवला. 1179 मध्ये ती वारली.

आपल्या अनुभवाचे सर्वांत तपशीलवार वर्णन तिने 1175 मध्ये गाँब्लू येथील गिबेर नावाच्या संन्याशाला लिहिलेल्या पत्रात केले आहे. त्याचा आशय असा : हे सारे आपण जागेपणी, उघड्या डोळ्यांनी, पण अंतःकरणात पाहतो, त्या वेळी देहभान हरपत नाही. जो प्रकाश दिसतो त्याला स्थळाची मर्यादा नाही, आणि सूर्य पोटात घेतलेल्या मेघाहूनही तो तेजस्वी आहे. त्याला ती जिवंत प्रकाशाची छाया म्हणते. ही छाया बालपणापासून सदैव तिच्यासोबत आहे. क्वचित त्या छायेत दुसरा प्रकाश दिसतो, आणि तो दिसत असेतो दुःख व वेदना मावळून म्हातारपणातही आपण लहान मुलगी झाल्यासारखे तिला वाटते. बालपणीची एक आठवण तर फार बोलकी आहे. आपणास दिसते तसे तुलाही काही दिसते काय, असे तिने आपल्या दाईला विचारले. दाई नाही म्हणाली, तेव्हा मुलगी भ्याली आणि पुढे गप्प राहू लागली.

या अनुभवाची पहिली मीमांसा अर्थातच धर्मशास्त्राने केली. मध्ययुग भोळे होते, जो जे सांगेल ते खरे मानीत होते, ही समजूत चुकीची आहे. दर्शनांचे वर्गीकरण संत ऑगस्टिनने सात शतके आधीच करून ठेवले होते : देहाच्या डोळ्यांना दिसणारे, मनाच्या प्रतिमांतून दिसणारे आणि केवळ बुद्धीला प्रतीत होणारे. दर्शन ईश्वराकडून आले की सैतानाकडून, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जाई. हिल्डेगार्डच्या बाबतीतही तो विचारला गेला. 1147-48 च्या ट्रिअर येथील धर्मसभेच्या वेळी पोप तिसरा युजेनियस याने चौकशीसाठी माणसे पाठविली, तिच्या अपुऱ्या ग्रंथातील काही भाग सभेत वाचला गेला आणि लिहीत राहण्यास तिला संमती मिळाली, असे तिचे चरित्रकार सांगतात. म्हणजे धर्मसत्तेनेही एक प्रकारचे निदानच केले. तिची नम्रता आणि तिच्या वचनांचा सिद्धांताशी असलेला मेळ ही त्या निदानाची लक्षणे होती.

दुसरे निदान वैद्यकाचे. 1917 मध्ये विज्ञानेतिहासकार चार्ल्स सिंगर यांनी असे मत मांडले, की हिल्डेगार्डला अर्धशिशीचा विकार असावा. या विकारात डोके दुखू लागण्यापूर्वी काही रोग्यांच्या डोळ्यांपुढे ठिणग्या नाचतात, चमचमणारी वर्तुळे सरकतात, तटबंदीच्या बुरुजांसारख्या कंगोरेदार रेषा पसरत जातात. 'स्किव्हियास'च्या सचित्र हस्तलिखितातील ताऱ्यांचे वर्षाव, प्रकाशाची एकात एक वलये, असंख्य डोळ्यांनी भरलेली आकृती यांत सिंगर यांना हीच लक्षणे दिसली. पुढे मज्जाविकारांचे तज्ज्ञ आणि सिद्धहस्त लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी 1970 च्या 'मायग्रेन' या ग्रंथात व 1985 च्या लेखसंग्रहात हे मत उचलून धरले, आणि ते सर्वतोमुखी झाले.

हे मत थट्टेवारी नेण्यासारखे नाही. हिल्डेगार्ड आयुष्यभर आजारी असे, हे तिनेच वारंवार लिहून ठेवले आहे, आणि तिच्या वर्णनांतील प्रकाशाचे तपशील विलक्षण नेमके आहेत. तथापि पुरावा तपासू लागले की तो पातळ होत जातो. सिंगर यांचा भर ज्या चित्रांवर आहे ती तिच्या हातची नाहीत. ग्रंथ पुरा झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी ती काढली गेली, आणि त्यांत तिचा वाटा किती याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. मूळ हस्तलिखित 1945 च्या युद्धधामधुमीत नाहीसे झाले. आज आपण पाहतो ती त्यापूर्वी आयबिंगेनच्या मठात हाताने केलेली नक्कल व काही छायाचित्रे. शिवाय अर्धशिशीची पूर्वलक्षणे सामान्यतः तासाच्या आत ओसरतात, तर हिल्डेगार्डचा छायाप्रकाश बालपणापासून सतत सोबत आहे. इतिहासकार कॅथरीन फॉक्सहॉल यांनी 2014 मध्ये या निदानाचाच इतिहास लिहिला. चित्रांतील रेषांत अर्धशिशी दिसू लागली ती आधुनिक वैद्यकाने त्या रेषांचे नमुने तयार केल्यानंतर, हे त्यावरून स्पष्ट होते.

आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते. हिल्डेगार्डला अर्धशिशी ठाऊक होती. तिच्या नावावर असलेल्या 'कावुझे एत कुरे' या वैद्यकग्रंथात ती या दुखण्याचे कारण शरीरातील कृष्णपित्त व इतर दूषित रस असे देते, आणि हे दुखणे अर्धेच डोके धरते, कारण सबंध डोके धरले तर ते माणसाला सोसवणार नाही, असे म्हणते. रोगाचे शारीर कारण सांगण्यास जी यत्किंचितही कचरत नाही, ती आपल्या दर्शनांना मात्र या सदरात घालीत नाही. तिच्या या मौनामुळे वैद्य खोटा ठरत नाही. परंतु रोग म्हणजे काय हे तिला कळत नव्हते, असे मात्र कोणास म्हणता येणार नाही.

तरीही या दोन निदानांतील विरोध मला आता पूर्वीइतका मोठा वाटत नाही. साम्यच अधिक जाणवते. धर्मशास्त्र म्हणते, ईश्वर बोलला व तिने लिहून घेतले. वैद्यक म्हणते, मज्जातंतू चाळवले व तिने लिहून घेतले. दोहोंतही हिल्डेगार्ड लेखनिकच राहते. पहिली भूमिका तिने स्वतः स्वीकारली होती, आणि ती समजण्यासारखी आहे. ज्या काळात स्त्रीला धर्मोपदेशाचा अधिकार नव्हता, त्या काळात 'हे माझे नव्हे' एवढेच म्हणून तिला बोलता येत होते. मठ रुपर्टसबर्ग येथे नेण्याची आज्ञा दर्शनात झाली, पण मठाधिपती कूनो परवानगी देईना. तेव्हा ती अंथरुणावर शिळेसारखी निश्चल पडली. त्याने स्वतः येऊन तिचे डोके हलविण्याचा प्रयत्न केला, ते हलले नाही, आणि अखेर त्याने संमती दिली. 1150 च्या सुमारास वीसेक संन्यासिनींसह ती नव्या जागी गेली. यात ईश्वरी कोप पाहावा की मज्जाविकार? मला तर येथे आजार, श्रद्धा आणि निर्धार इतके एकजीव झालेले दिसतात, की त्यांना वेगळे करणारी सुरी इतिहासकाराजवळ नाही.

विल्यम जेम्सने 1902 च्या 'धार्मिक अनुभवाचे विविध प्रकार' या ग्रंथात बजावले होते, की अनुभवाचे शारीर मूळ सापडल्याने त्याचे मूल्य ठरत नाही. तसे ठरत असेल, तर नास्तिकाच्या मतांचे मूळही त्याच्या यकृतात शोधावे लागेल. साहित्याच्या अभ्यासकाने यापुढे एक पाऊल टाकावयास हवे. 'स्किव्हियास'मधील कोणतेही दर्शन उघडून पाहावे. जे दिसले त्याचे वर्णन थोडक्यात संपते; नंतर त्यातील एकेका तपशिलाचा अर्थ उलगडणारे विवेचन पानेच्या पाने चालते. कोसळून विझणारे तारे अर्धशिशीने दाखविले असतील, असे वादाकरिता मान्य करू. पण ते तारे म्हणजे गर्वाने पतन पावलेले देवदूत, हा अर्थ कोणत्याही मज्जातंतूने सांगितलेला नाही. त्यामागे बायबलचे दीर्घ पठण आहे, मठातील नित्याची स्तोत्रे आहेत, आणि स्वतःला अशिक्षित म्हणविणाऱ्या एका स्त्रीची प्रचंड रचनाशक्ती आहे. ईश्वर आणि आजार या दोहोंच्या श्रेयनामावलीत जिचे नाव राहून जाते, ती ग्रंथकर्त्री येथे भेटते.

रोमन चर्चने 2012 मध्ये तिची संत म्हणून अधिकृत गणना केली आणि त्याच वर्षी तिला धर्माचार्यपदही दिले. वैद्यकाच्या पुस्तकांतही तिचे स्थान पक्के आहे. माझ्या अनुवादापुरता मी अखेर 'दृष्टांत' हा शब्द पत्करला. संतचरित्रांतून स्वप्नात दिसणारा दृष्टांत मराठी वाचकाला परिचित आहे, आणि महानुभावांच्या 'दृष्टान्तपाठा'तला, अर्थ समजाविण्यासाठी सांगितलेला दृष्टांतही. पाहणे आणि समजाविणे या दोन्ही क्रिया आपल्या भाषेने या एका शब्दात एकत्र ठेवल्या आहेत. हिल्डेगार्डने आयुष्यभर त्या दोन्ही केल्या.