प्रिन्स जॉर्जेस काउंटी : घर झाले, दुकानाचे काय?

14 ऑक्टोबर 2023 रोजी अमेरिकेत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या 19 फूट उंच पुतळ्याचे अनावरण झाले. शिल्पकार राम सुतार, जागा आंबेडकर इंटरनॅशनल सेंटरची, तेरा एकर. आपल्या वस्तीत त्या दिवशी घरोघरी ते फोटो बघितले गेले. बातम्यांत सगळीकडे 'वॉशिंग्टनजवळ' एवढेच आले. वॉशिंग्टनजवळ म्हणजे नेमके कुठे, तिथे कोण लोक राहतात, ते कसे कमावतात, हे कुणी फारसे सांगितले नाही. ज्या मातीत बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला, त्या मातीचा इतिहास आपल्या माणसांना ठाऊक असावा, म्हणून हा लेख.

ते गाव ॲकोकीक. ते येते मेरीलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत. काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हाच समजा. पण हा जिल्हा राजधानीला खेटून असल्यामुळे त्याचा बराचसा भाग उपनगरच आहे. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 9 लाख 67 हजार. त्यात सुमारे साठ टक्के कृष्णवर्णीय, पाचातला एक माणूस लॅटिन अमेरिकेतून आलेल्या घरातला, उरलेले गोरे आणि थोडे आशियाई. लॅनहॅम या गावात दक्षिण भारतीयांनी बांधलेले शिव-विष्णूचे मोठे मंदिरही आहे. अमेरिकेतल्या खाऊनपिऊन सुखी अशा कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून या काउंटीचे नाव अनेक वर्षे पुढे होते. तो मान 2022 च्या सुमारास शेजारच्या चार्ल्स काउंटीकडे गेला.

आता ही सुबत्ता आली कुठून?

काउंटी स्थापन झाली 1696 साली. तंबाखूचा मुलूख. तंबाखू पिकवायला गुलाम. 1860 च्या जनगणनेत इथल्या निम्म्याहून अधिक माणसांची नोंद गुलाम म्हणून आहे. 1 नोव्हेंबर 1864 रोजी मेरीलँडच्या नव्या राज्यघटनेने गुलामगिरी बंद केली. माणूस मोकळा झाला, पण जमीन मालकाकडेच राहिली. पुष्कळांनी पुन्हा त्याच शेतात मजुरीने नाहीतर अर्धेलीने राबायला सुरुवात केली.

स्वतःची म्हणावी अशी बरीच घरे 1890 नंतर झाली. नॉर्थ ब्रेंटवूड ही वस्ती एका गोऱ्या लष्करी अधिकाऱ्याने पाडलेल्या प्लॉटांवर उभी राहिली. युद्धात त्याच्या हाताखाली कृष्णवर्णीय शिपाई होते. कृष्णवर्णीयांना जे प्लॉट मिळाले ते सखल, पुराचे पाणी शिरणारे. गावाची कोणती बाजू कुणाच्या वाट्याला येते, हे आपल्याला समजावून सांगायला नको. तरी त्या लोकांनी 1924 साली रीतसर स्वतःची नगरपालिका स्थापन केली. काउंटीतली कृष्णवर्णीयांची ती पहिली नगरपालिका. पुढे 1935 साली फेअरमाउंट हाइट्स, 1939 साली ग्लेनार्डन. फेअरमाउंट हाइट्समध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांचे जावई, वास्तुविशारद विल्यम सिडनी पिटमन राहत. त्यांनी 1908 च्या सुमारास तिथे चॅरिटी हॉल नावाची इमारत उभी केली. त्याच इमारतीत शाळा, प्रार्थना, बैठका, समारंभ, सगळे. आपल्या समाजमंदिरात दुसरे काय होते?

या वस्त्यांतला कमावता माणूस बहुधा वॉशिंग्टनला कामाला जायचा, आणि त्यातली सगळ्यांत चांगली नोकरी म्हणजे सरकारी. कारकून, टपालवाला, छापखान्यातला कामगार. पगार ठरलेला, पहिली तारीख ठरलेली. आपल्याकडे रेल्वे, पोस्ट, लष्कर, ऑर्डनन्स फॅक्टरी यांनी जे केले तेच तिथे केंद्र सरकारने केले. पण तिथेही विटाळ आलाच. 1913 साली अध्यक्ष विल्सन यांच्या कारकिर्दीत सरकारी कचेऱ्यांत कृष्णवर्णीय कारकुनांची टेबले वेगळी झाली, मध्ये पडदे लागले, जेवायच्या जागा आणि संडासही वेगळे झाले. त्याच 1913 च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला पोहोचले होते. हा योगायोग मला तरी विसरता येत नाही.

घरांच्या बाबतीत तर कायदाच विरुद्ध होता. खरेदीखतातच अट असायची की हे घर गोऱ्याखेरीज कुणाला विकू नये. 1948 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी कोर्टामार्फत अमलात आणायला मनाई केली, तरी चालायचे ते चाललेच. 1934 पासून सरकार घरकर्जाला हमी देत होते. पण कृष्णवर्णीय राहतात तो भाग धोक्याचा धरून तिथे हमी नाकारली जाई. हमी नाही म्हणजे बँकेचे कर्ज नाही. याच काउंटीत 1937 साली सरकारने ग्रीनबेल्ट नावाचे आदर्श गाव वसवले. 885 घरे, मध्ये बाजार, दुकाने सहकारी तत्त्वावर. गाव खरोखरच सुंदर, त्यातले सहकारी किराणा दुकान अजून चालते. बांधकामावर कृष्णवर्णीय मजूर होते. राहायला मात्र एकालाही जागा नव्हती.

तीच गोष्ट बोवीची. लेव्हिट या बड्या बिल्डर कंपनीने 1957 साली तिथली जुनी जहागीर घेतली आणि 1960 पासून घरे विकायला काढली. कृष्णवर्णीय ग्राहक आला की त्याला सरळ नकार. 1963 साली तिथे निदर्शने झाली, लोक नमुना-घरात जाऊन बसले. कंपनी बधली नाही. 11 एप्रिल 1968 रोजी, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात, घर विकताना भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला, तेव्हा कुठे हा दरवाजा उघडला.

आणि मग काय झाले ते आकड्यांवरूनच कळते. 1970 साली काउंटीची लोकसंख्या 6 लाख 60 हजार, त्यात कृष्णवर्णीय शंभरात 14. 1980 साली लोकसंख्या जवळपास तेवढीच, पण कृष्णवर्णीय शंभरात 37. म्हणजे जितके आले तितकेच गोरे निघून गेले. दहा वर्षांत दीड लाखाहून जास्त. मधल्या काळात, 29 जानेवारी 1973 पासून, कोर्टाच्या हुकुमाने दोन्ही रंगांची मुले बसने एकमेकांच्या शाळांत जाऊ लागली होती. आपले मूल कुणाशेजारी बसते यावरून माणसे घर विकून जातात! 1990 साली कृष्णवर्णीय निम्म्याहून जास्त झाले, 2000 साली शंभरात 63 च्या घरात.

निघून जाता जाता एक गोष्ट मात्र होऊन गेली. गोऱ्यांचे बहुमत होते तेव्हाच, 1978 साली, मतदारांनी घरपट्टीच्या उत्पन्नावर मर्यादा घालणारी दुरुस्ती मंजूर केली. पुढे सत्ता कृष्णवर्णीयांकडे आली ती अशी हात बांधलेली. 1994 साली वेन करी हे पहिले कृष्णवर्णीय काउंटीप्रमुख निवडून आले. लहानपणी गोऱ्यांच्या शाळेत गेलेल्या पहिल्या काही मुलांपैकी ते एक. तिजोरीत खडखडाट होता. 1996 साली ती मर्यादा उठवण्याचा प्रस्ताव मतदारांनीच फेटाळला. घरमालक झालेल्या माणसाला घरपट्टी वाढलेली आवडत नाही, मग तो कोणत्याही रंगाचा असो.

घरपट्टी वाढवायची नाही तर काउंटी चालवायची कशावर? व्यापारावर. आणि नेमका व्यापारच नव्हता. माझ्या मते या काउंटीच्या इतिहासातली खरी गोम इथे आहे.

घर पगारावर होते. पती-पत्नी दोघे सरकारी नोकरीत असले की तीस वर्षांचा हप्ता बसतो. दुकानाला मात्र भांडवल लागते, ओळख लागते, पहिली दोन-तीन वर्षे तोटा सोसायची ताकद लागते. ज्याच्या आजोबाला कर्ज मिळाले नाही त्याच्याकडे ती ताकद कुठून येणार? लँडओव्हर मॉल 1972 साली उघडला तेव्हा दूरदूरचे गिऱ्हाईक तिथे येई. गोरी वस्ती हलली तशी मोठी दुकाने एकेक करून उठली, 2006 साली मॉलच पाडला. विशेष म्हणजे भोवतालच्या लोकांचे उत्पन्न चांगले होते. पैसा होता, पण कपडे घ्यायला शेजारच्या मॉन्टगोमेरी काउंटीत नाहीतर नदीपलीकडे व्हर्जिनियात जावे लागे. बड्या कंपन्या आमचा खिसा बघत नाहीत, कातडी बघतात, ही इथल्या लोकांची जुनी तक्रार आहे, आणि ती खोटी म्हणवत नाही. 2010 साली वेगमन्स हे नावाजलेले किराणा दुकान काउंटीत आले तेव्हा त्याचे केवढे अप्रूप झाले!

पोटोमॅक नदीकाठी 2008 साली नॅशनल हार्बर उभे राहिले, हॉटेले, दुकाने, आणि 2016 साली जुगाराचे भव्य केंद्र. नोकऱ्या आल्या, कर आला. पण बांधणारी कंपनी नदीपलीकडच्या व्हर्जिनियातली. नफा कुठे जातो ते वेगळे सांगायला नको.

तरी धंद्यात पडलेले लोक होते. त्यांचा रस्ताही पुन्हा सरकारातूनच गेला. अल्पसंख्याकांच्या कंपन्यांना सरकारी कामांत वाटा देण्याची पद्धत 1970 नंतर रूढ झाली. केंद्र सरकारची एक योजना अशी की मागासलेल्या गटातल्या छोट्या कंपनीला नऊ वर्षे सरकारी कंत्राटांत आधार मिळतो. सफाई, सुरक्षा, बांधकाम, पुढे संगणकाची कामे यांत काउंटीतल्या पुष्कळ कृष्णवर्णीय कंपन्या यामुळेच उभ्या राहिल्या. इथे एक गंमत सांगतो. 1982 साली भारतीय उपखंडातून आलेल्यांचाही या योजनेत मागास म्हणून समावेश झाला, तोही भारतीयांच्या संघटनेने अर्ज केल्यावर. त्या अर्जदारांपैकी मायदेशी राखीव जागांना नावं ठेवणारे किती होते, ते ज्याचे त्याने ताडावे. असो. 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातल्या रिचमंड शहराची तीस टक्के कामे राखून ठेवणारी योजना रद्द केली, आणि देशभर अशा योजनांना कात्री लागली. 2023 साली एका केंद्रीय न्यायालयाने तर वंशावरून कुणाला आपोआप मागास धरायलाही मनाई केली.

सत्ता आपल्या माणसाकडे आली म्हणून धंदा सरळ होतो असेही नाही. करींनंतर 2002 ते 2010 काउंटीप्रमुख राहिलेल्या जॅक जॉन्सन यांना बिल्डरांकडून लाच घेतल्याबद्दल 2011 साली सात वर्षांवर तुरुंगवासाची शिक्षा झाली.

2007 नंतरच्या मंदीत सगळ्यात मोठा घाव बसला. चांगली पत असलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्याही गळ्यात चढत्या व्याजाची महाग कर्जे मारली होती. हप्ते वाढले, किमती कोसळल्या, घराची किंमत कर्जाच्या खाली गेली. मेरीलँडमध्ये जप्तीचा सगळ्यात जास्त तडाखा याच काउंटीला बसला. ज्यांची सारी कमाई एका घरात होती त्यांच्याकडे दुसरे काही नव्हते, ना दुकान, ना भाडे देणारा गाळा. आणि 2025 साली केंद्र सरकारने मोठी नोकरकपात सुरू केली, तेव्हा पहिल्या तारखेचा तो पगारही हलला. शंभर वर्षे ज्या खुंटीला सारे टांगले होते ती खुंटीच डळमळली.

याच काउंटीच्या वायव्य भागात मात्र वेगळे चित्र दिसते. लँग्ली पार्क. एल साल्वाडोरमध्ये 1980 ते 1992 यादवी युद्ध झाले, त्यातून पळालेली माणसे आणि मागाहून ग्वाटेमालातले लोक इथल्या जुन्या भाड्याच्या इमारतींत आले. कागदपत्रे नाहीत, इंग्रजी नाही, सरकारी नोकरीचा प्रश्नच नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून धंदा. चीज-घेवड्याचे सारण भरलेली मक्याची भाकरी, तिला पुपुसा म्हणतात, ती गाडीवर विकायची. मग बेकरी, गावाकडे पैसे पाठवायचे दुकान, केशकर्तनालय, गॅरेज. त्याच रस्त्यांवर भारतीय किराणा, आफ्रिकी कापड, कॅरिबियन खाणे. गिऱ्हाईक कामगार, नफा थोडा, पण गल्ल्यातला पैसा वस्तीत फिरतो.

मात्र या दुकानदारांचे घरही भाड्याचे आणि गाळाही. 2017 साली त्यांच्या दारावरून पर्पल लाइन या रेल्वेचे काम सुरू झाले. ती 2022 साली धावायची होती. 2020 साली ठेकेदार काम टाकून गेला, रस्ता वर्षानुवर्षे उकरलेला राहिला, गिऱ्हाइकाला गाडी लावायला जागा उरली नाही. आता 2027 च्या अखेरीचा वायदा आहे. रेल्वे आली की जागांचे भाव चढणार हे गाळेमालकांना पक्के ठाऊक आहे, आणि पुपुसावाल्या बाईलाही.