डोंगराचं पीठ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एप्रिल-मे महिना आला, की अजूनही आपल्याकडे बऱ्याच घरांत वर्षाचं धान्य भरलं जातं. गच्चीवर गहू वाळत पडतो. डाळींना एरंडेलाचा हात लावतात, डब्याच्या तळाशी कडुनिंबाचा पाला जातो. आणि मग कुणीतरी विचारतंच, गोळ्या टाकायच्या का? बाजारात मिळणाऱ्या ह्या गोळ्यांपैकी काही पाऱ्याच्या असतात. काही ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात आणि त्या फार घातक. हवेतला दमटपणा लागला की त्यातून फॉस्फीन नावाचा वायू सुटतो. मोठ्या गोदामांसाठी, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली वापरायची ती वस्तू. ती माणसं झोपतात त्या खोलीतल्या कोठीत गेली, की किड्यांच्या आधी लहान मुलं दगावतात. भारत सरकारनं २००१ साली ह्या गोळ्यांच्या दहा-दहा, वीस-वीसच्या नळ्यांवर बंदी घातली. तरी अशा बातम्या वाचायची वेळ अधूनमधून येतेच.

म्हणूनच विषारी नसलेल्या उपायांची चौकशी वाढली आहे, आणि त्यात एक नाव वारंवार कानावर येतं : डायटोमेशियस अर्थ. पांढुरकी, हलकी, मऊ अशी पूड. पाकिटावर ‘फूड ग्रेड’ असं छापलेलं. लोक विचारतात, फूड म्हणजे खाण्याचं, मग ही माती खायची का? धान्यात घालायची तर किती? आणि ‘फूड ग्रेड’ नसलेली वेगळी असते का? ह्या प्रश्नांची उत्तरं त्या मातीच्या इतिहासात आहेत. मी बी.ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा माणूस. रसायनशास्त्र माझा प्रांत नव्हे. पण ही गोष्ट मला कुठल्याही कादंबरीइतकीच गुंतवून गेली.

आधी ही माती आहे काय ते पाहू. तळ्यात, समुद्रात डायटम नावाचे एकपेशीय शेवाळी जीव असतात. डोळ्यांना न दिसणारे. मराठी परिभाषेत त्यांना ‘करंडक’ म्हटलं आहे, आणि ज्यानं हा शब्द योजला त्याला दाद द्यायला हवी. कारण ह्या जिवाचं कवच खरोखर कुंकवाच्या करंड्यासारखं असतं : दोन भाग, एकावर दुसरं झाकण. फक्त ते असतं सिलिकाचं, म्हणजे काचेच्या जातीचं, आणि त्यावर जाळीदार नक्षी. पृथ्वीवर जेवढं प्रकाशसंश्लेषण होतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा हे जीव करतात. ते मेले की मऊ भाग कुजून जातो, करंडे तळाशी बसतात. लाखो वर्षं असे थर साचले, तळी आटली, समुद्र हटले, की उरते ती ही माती.

माणसानं ती पहिल्यांदा ओळखली ती चुकीच्याच नावानं. युरोपात तिला ‘बेर्गमेल’ म्हणत, म्हणजे डोंगराचं पीठ. स्वीडनच्या उत्तरेकडे, लॅपलँडच्या बाजूला, दुष्काळात लोक ही पूड खऱ्या पिठात आणि झाडाच्या सालीच्या भुग्यात मिसळून भाकरी करत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते पीठ सूक्ष्मदर्शकाखाली गेलं आणि कळलं, की हे मेलेल्या जिवांचे सांगाडे आहेत. पोट भरल्यासारखं व्हायचं, पण अंगी लागायचं काहीच नाही. सिलिका पचत नाही, जशी आत जाते तशीच बहुतांशी बाहेर पडते. आज काही विक्रेते ‘पोट साफ होतं, अंगातली विषं निघून जातात’ असं सांगून हीच पूड चमचा-चमचा घ्यायला लावतात. ह्या दाव्यांना भक्कम पुरावा नाही. लॅपलँडची माणसं निदान नाइलाजानं खात होती.

त्या काळात ह्या सूक्ष्म जगाचा मोठा अभ्यासक होता बर्लिनचा ख्रिस्तियान गॉटफ्रीड एरेनबेर्ग. १८३८ साली त्याचा भला थोरला ग्रंथ निघाला. डार्विननं १८३२च्या जानेवारीत केप व्हर्ड बेटांजवळ आपल्या जहाजावर पडलेली तपकिरी धूळ गोळा केली होती. तिच्या आणि तशाच आणखी काही नमुन्यांच्या पुड्या त्यानं एरेनबेर्गकडे पाठवल्या. पाच छोट्या पुड्यांत एरेनबेर्गला सदुसष्ट प्रकारचे सेंद्रिय आकार सापडले, त्यात हे करंडेही होते. म्हणजे ही पूड इतकी हलकी, की वारा तिला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून समुद्रापार नेतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जर्मनीत ल्यूनेबुर्गच्या माळरानावर १८३६च्या सुमारास पेटर कास्टेन नावाचा माणूस विहीर खणत होता. खाली पांढरी माती लागली. आधी वाटलं चुनखडी आहे, शेतात खत म्हणून टाकू. चुनखडी नव्हती ती. पण पहिल्या महायुद्धापर्यंत जगाला लागणारी जवळजवळ सगळी डायटोमेशियस माती त्याच भागातून गेली. जर्मन लोक तिला ‘कीझलगुर’ म्हणतात. तिथलं खणणं १९९४ साली थांबलं.

ह्या मातीला जगभर नाव मिळवून दिलं ते आल्फ्रेड नोबेलनं. नायट्रोग्लिसरीन हे तेलासारखं द्रव जरा हिसका बसला तरी उडायचं. १८६४ साली स्टॉकहोममधल्या स्फोटात नोबेलचा धाकटा भाऊ एमिल गेला. हाम्बुर्गजवळचा त्याचा कारखानाही १८६६मध्ये उद्ध्वस्त झाला. तेव्हा हे द्रव कशात तरी मुरवून शांत करायचं, ह्या शोधात त्यानं जवळपास मिळणारी कीझलगुर घेतली. तीन भाग द्रव, एक भाग माती. माती ते सगळं शोषून घेते आणि मळलेल्या कणकेसारखा गोळा तयार होतो. १८६७ साली त्याचं पेटंट झालं, नाव डायनामाइट. आपला बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला, म्हणजे तो डोंगर फुटला तो डायनामाइटशिवाय, साध्या बारुदीनं.

स्फोटकाला शांत करणारा हा शोषकपणाच पुढे पाणी गाळायला कामी आला. ह्या मातीच्या खाणीचा मालक विल्हेल्म बेर्केफेल्ड ह्यानं १८९१च्या सुमारास तिची भाजलेली पोकळ नळी बनवली. पाणी तिच्या छिद्रांतून झिरपायचं, जंतू बाहेर राहायचे. पुढच्याच वर्षी, १८९२मध्ये, हाम्बुर्गला पटकीची भयंकर साथ आली, आठ हजारांवर माणसं मेली, आणि ह्या गाळण्यांचा बोलबाला झाला. आपल्या स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या फिल्टरमध्ये जी पांढरी कँडल असायची, ती त्याच कुळातली. १८९८ साली लफ्लर आणि फ्रॉश ह्यांनी जनावरांच्या लाळ्या-खुरकुताची लस बारीक गाळणीतून गाळली आणि तरीही गाळलेल्या पाण्यानं वासरं आजारी पडली. गाळणीतून पार होणारा तो रोगकारक म्हणजे प्राण्यांत सापडलेला पहिला विषाणू. त्या गाळणीतही ही मातीच होती.

आता ह्या कथेतलं महत्त्वाचं वळण. साखर, बिअर, तेल गाळायला ही माती टनावारी लागू लागली. कच्ची पूड फार बारीक, तिच्यातून द्रव पटकन झिरपत नाही. म्हणून कारखानदार तिला भट्टीत हजार अंश सेल्सियसच्या आसपास भाजू लागले. काही वेळा सोडा घालून भाजतात, म्हणजे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पूड अगदी पांढरीशुभ्र दिसते. पण ह्या भाजण्यात एक बदल होतो. कच्च्या मातीतली सिलिका काचेसारखी अस्फटिक असते. भट्टीत तिचे स्फटिक बनतात, त्यांना क्रिस्टोबलाइट म्हणतात. हे स्फटिक फुप्फुसात गेले, की तिथेच रुततात, भोवती व्रण धरतो आणि माणसाला सिलिकोसिस होतो. खडी फोडणाऱ्या, दगड घडवणाऱ्या कामगारांचा हाच रोग.

अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं १९५०च्या दशकात ह्या मातीच्या खाणींतले आणि गिरण्यांतले कामगार तपासले. १९५८ साली अहवाल निघाला. कच्च्या मातीत काम करणाऱ्यांपेक्षा भाजलेल्या पुडीच्या धुळीत वर्षानुवर्षं काढणाऱ्यांची फुप्फुसं कितीतरी अधिक बिघडलेली होती. कॅलिफोर्नियातल्या लॉम्पोकच्या कामगारांवरचे अभ्यास १९९३ आणि १९९७ साली प्रसिद्ध झाले, त्यांत सिलिकोसिसबरोबर फुप्फुसाच्या कर्करोगाचंही प्रमाण वाढलेलं दिसलं. १९९७ सालीच कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं कामाच्या जागी श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिका माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. अस्फटिक सिलिका त्या गटात नाही. एकच माती, पण भट्टीच्या अलीकडची आणि पलीकडची.

धान्याकडे वळू. राख, माती घालून धान्य टिकवणं आपल्याला नवं नाही. तुरीला लाल मातीचा लेप देणारी घरं आजही सापडतील. माझी अम्मी मुगाला चुलीची वस्त्रगाळ राख चोळून मडक्यात भरायची. का टिकतं, हे विचारायची तिला गरज पडली नाही. त्याचं उत्तर १९४४ साली विगल्सवर्थ ह्या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञानं ‘नेचर’मध्ये मांडलं. किड्याच्या अंगावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो, त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी उडून जात नाही. बारीक पुडीतून तो सरपटला, की हा थर खरवडला जातो. डायटमची पूड खरवडते आणि ते मेण शोषूनही घेते. किडा विषानं मरत नाही, वाळून मरतो. आपल्या म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतही १९५०च्या दशकात ह्यावर काम झालं. मुजुमदार, नरसिंहन आणि सुब्रह्मण्यन ह्यांनी तापवून सक्रिय केलेल्या मातीचा आणि कोळशाचा किड्यांवरचा परिणाम १९५९ साली ‘नेचर’मध्येच प्रसिद्ध केला.

मग मोठ्या गोदामांनी ही पूड का उचलली नाही? कारण साधं आहे. ती घातलेलं धान्य नीट घरंगळत नाही, मापाला हलकं भरतं, यंत्रांवर धूळ बसते. व्यापाऱ्याला ते परवडत नाही. घरच्या डब्याला ह्यातली एकही अडचण नाही.

आता तो शब्द, ‘फूड ग्रेड’. अन्नप्रक्रियेची जी आंतरराष्ट्रीय मानकं आहेत, त्यांत ह्या मातीचं वर्णन करताना कच्ची, भाजलेली आणि सोडा घालून भाजलेली असे तिन्ही प्रकार येतात. शिसं, आर्सेनिक मर्यादेत असलं की अन्न गाळायला ती चालते, कारण गाळून झाल्यावर ती अन्नात राहत नाही. म्हणजे नुसत्या ‘फूड ग्रेड’ ह्या शब्दानं ती भाजलेली नाही अशी खात्री मिळत नाही. किडे मारायला विकणारे हा शब्द बहुधा कच्च्या पुडीसाठी वापरतात, पण ‘बहुधा’वर घरातल्या माणसांचा श्वास सोपवू नये. पाकिटावर ‘न भाजलेली’, ‘अस्फटिक’ असं लिहिलं आहे का बघा. स्फटिकी सिलिकेचं प्रमाण किती, हे विचारा. चांगल्या कच्च्या मालात ते एक टक्क्याच्या आसपास किंवा कमी असतं. प्रत्येक कंपनीकडे मालाचा सुरक्षा-तक्ता असतो, त्यात हा आकडा असतो. तो द्यायला दुकानदार टाळाटाळ करत असेल तर पाकीट परत ठेवा. पोहण्याच्या तलावाच्या गाळणीसाठी मिळणारी पूड तर घरात आणूच नका. ती भाजलेली असते, आणि तिच्यात निम्म्याहून अधिक स्फटिकी सिलिका असू शकते. रंगावर भुलू नका, दुधासारखी शुभ्र असेल तर उलट जास्त चौकशी करा. किडे मारायला म्हणून विकत असतील तर कीटकनाशकाचा नोंदणी क्रमांकही पाहावा.

वापरताना धान्य आधी कडकडीत वाळलेलं हवं. परदेशी पाकिटांवर टनाला साधारण अर्धा ते एक किलो असं प्रमाण असतं, म्हणजे क्विंटलला पन्नास ते शंभर ग्रॅम. जास्त घातली म्हणून जास्त गुण येत नाही. किडे लगेच मरत नाहीत, काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. सोंडकिड्याची अळी दाण्याच्या पोटात असते, तिला ही पूड शिवतच नाही. ती बाहेर येईल तेव्हाच सापडेल. म्हणून आधीच कीड लागलेल्या धान्यापेक्षा नव्या, स्वच्छ धान्यात ती उपयोगी. पिठाच्या डब्यात घालायची ही वस्तू नव्हे.

डार्विनच्या जहाजावर पडलेली धूळ मघाशी लक्षात ठेवायला सांगितली ती ह्यासाठी. कच्ची पूडही धूळच आहे. तिनं नाक, घसा, डोळे चुरचुरतात, आणि दमेकऱ्याला तर नक्कीच त्रास होतो. आपल्याकडे धान्य भरतं कोण, पाखडतं कोण, निवडतं कोण? घरातली बाई, आणि तेही बहुतेकदा बंद खोलीत, जमिनीवर बसून. किड्यांपासून धान्य वाचलं आणि तिला खोकला जडला, तर हा कसला बिनविषारी उपाय? पूड मिसळायची ती अंगणात किंवा गच्चीवर, वारा पाठीवर घेऊन, नाकातोंडाला नीट बसणारा मास्क लावून. मुलांना आणि दम्याच्या माणसांना लांब ठेवून. दळायला काढतानाही तसंच : बाहेर चाळायचं, शक्य असेल तर धुऊन वाळवायचं. सांडलेली पूड झाडूनं उडवू नये, ओल्या फडक्यानं पुसून घ्यावी.

पावसाळ्यात डब्यात ओल शिरली, तर ही पूड पाणी धरून बसते आणि तिचं काम थांबतं. अशा वेळी वर आणखी पूड टाकत बसू नये. उघाडी पडली, की धान्य काढून दोन उन्हं द्यावीत.