दहा राग आणि तीन यंत्रें

१९८२ सालीं मुंबईंत ग्रामोफोन कंपनीनें एक तबकडी बाजारांत आणली. तिचें नांव इंग्रजी होतें : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’, म्हणजे डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. वादक होते चरणजित सिंग. तबकडी खपली नाहीं. शास्त्रीय संगीताच्या रसिकांना ती थट्टा वाटली असावी. डिस्कोवर नाचणाऱ्यांना तींत गाणेंच सांपडलें नाहीं. आज ह्याच तबकडीचें नांव युरोपांतील नृत्यगृहांतून आदरानें घेतलें जातें. हें कसें घडलें तें, श्रोतेहो, आज पाहावयाचें आहे.

चरणजित सिंग हे चित्रपटसृष्टींतील वाद्यवृंदांत वाजवणारे कलावंत. गिटार आणि विजेवर चालणारीं स्वरवाद्यें हा त्यांचा व्यवसाय. लग्नसमारंभांत त्यांचा वाद्यवृंद वाजे आणि लोकप्रिय चित्रगीतांच्या वाद्यधुनांच्या तबकड्याही त्यांनीं काढल्या होत्या. अशा माणसाचें नांव चित्रपटाच्या नामावलींत क्वचितच येतें. गाणें घरोघर पोहोंचतें, वाजवणारा मात्र ध्वनिमुद्रण आटोपून लोकलनें घरीं जातो. नवें वाद्य निघालें कीं तें मिळवावें आणि शिकावें, हा त्यांचा छंद होता. त्यांतूनच जपानच्या रोलँड कंपनीचीं तीन यंत्रें त्यांच्या हातीं आलीं.

पहिलें यंत्र ठेका देणारें, टी. आर. ८०८. आमच्या वसई-विरारकडे हळदीच्या रात्रीं बेंजो पार्टीच्या ऑक्टोपॅडवर जो विजेचा ठोका ऐकूं येतो, त्याच घराण्यांतील हा एक पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं. दुसरें ज्युपिटर ८. त्यावर ते हातानें राग वाजवीत. तिसरें टी. बी. ३०३, हें सर्वांत चमत्कारिक. एकट्यानें सराव करणाऱ्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी, एवढ्याच माफक हेतूनें तें बनवलेलें. खऱ्या खर्ज-गिटारीसारखें तें मुळींच वाजेना, म्हणून १९८४ पर्यंत त्याचें उत्पादन थांबलेंही. परंतु त्यांत एक सोय होती : एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातां येई. आपल्या कानाला ती मींड वाटते. जपानी कारागिराच्या मनांत मींड असण्याचें कारण नव्हतें.

त्या वेळीं चित्रपटांत डिस्कोचा सुळसुळाट होता. तेव्हां ठेका डिस्कोचा ठेवावा, तबला बंद करावा आणि वर राग वाजवावे, अशी कल्पना आपल्याला सुचली, असें ते पुढें मुलाखतींतून सांगत. ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, यमन, मालकंस असे राग, प्रत्येकीं सुमारें पांच मिनिटें. तोडीचा गंधार पट्टीच्या वाद्यावर यथार्थ लागत नाहीं, ही तक्रार रास्त आहे; ह्याच कारणास्तव पेटीलाही आकाशवाणीनें १९४० पासून तीस-एक वर्षें दाराबाहेर ठेवलें होतें. तरी ह्या तबकडीवरचा ललत मला ललतच वाटतो.

आतां शिकागोकडे वळूं. तेथील निग्रो वस्तींतील तरुणांना टी. बी. ३०३ हें टाकाऊ यंत्र स्वस्तांत मिळालें. त्याचे कान पिळतां पिळतां एक चिरकणारा, वळवळणारा नाद निघाला. तोच त्यांनीं धरून ठेवला. ‘फ्यूचर’ नांवाच्या त्रिकुटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी १९८७ सालीं निघाली आणि तिच्यावरून ‘ॲसिड हाऊस’ हा प्रकार रूढ झाला. लंडनपर्यंत त्याचें वेड पसरलें. मुंबईची तबकडी ह्या मंडळींनीं ऐकली होती, असें म्हणावयास कांहींच आधार नाहीं.

२००२ सालीं एडो बाउमन नांवाच्या डच संग्राहकाला दिल्लींत ही तबकडी सांपडली. ती वाजवून पाहतांच तो थक्क झाला. शिकागोचा नाद, आणि साल पांच वर्षें आधींचें! २०१० मध्यें त्यानें ती पुन्हां प्रसिद्ध केली, तेव्हां पुष्कळांना ती लबाडी वाटली; कोणा आधुनिक युरोपीय वादकानें जुनें साल छापून गंमत केली असावी, असेंही बोललें गेलें. शंका फिटल्यावर मात्र लंबक दुसऱ्या टोकाला गेला आणि ॲसिड हाऊसचा जनक भारतीय ठरला. आपल्या वृत्तपत्रांनाही तें गोड वाटलें.

मला हा दावा पटत नाहीं. ज्या झाडाला फळ धरलें नाहीं, त्याला वंशाचा मूळपुरुष कसें म्हणावें? साम्याचें कारण निराळें आहे. चित्रपटांतल्या डिस्कोंत स्वरसंगती पदोपदीं बदलते. रागांत षड्ज अचल असतो. डिस्कोंतून तो बदल काढून घेतला आणि खर्ज एकाच षड्जाभोंवतीं फिरत ठेवला कीं उरतें तें जवळजवळ शिकागोचेंच संगीत. तिकडच्या मुलांनीं तो बदल केवळ यंत्राच्या नादांत टाकून दिला. इकडे तानपुऱ्याच्या संस्कारानें तो आलाच नाहीं. शिकागोच्या मुलांचें श्रेय हिरावून घेतल्यावांचूनही चरणजित सिंगांचें काम पुरेसें मोठें राहतें.

पुनर्प्रकाशनानंतर म्हातारपणीं ते तींच जुनीं यंत्रें घेऊन युरोपांत गेले आणि नातवंडांच्या वयाच्या श्रोत्यांपुढें त्यांनीं ते राग पुन्हां वाजवले. आपण कसल्या पंथाचे प्रवर्तक आहोंत हें त्यांना परक्यांकडून कळलें होतें. जुलै २०१५ मध्यें मुंबईंत त्यांचें निधन झालें.