परदेशातील हागार आणि पतीची सही

उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायातील हागार ही परदेशी, पराधीन आणि गर्भवती होती. साराय तिला जाचू लागली आणि अब्रामाने तिला सारायच्याच हाती सोडले. अशी तिहेरी अगतिकता आधुनिक कायद्यातही कशी शिरली, हे अमेरिकेच्या अलीकडील इतिहासावरून दिसते.

तेथे १९८६ साली खोट्या विवाहांस आळा घालण्यासाठी कायदा झाला. त्यान्वये नवविवाहित परदेशी पत्नीस प्रथम दोन वर्षांपुरताच सशर्त वास्तव्याचा हक्क मिळे. तो कायम होण्यासाठी पतीचीही सही लागे. हेतू गैर नव्हता. परंतु मारकुट्या पतीच्या हाती आयतेच शस्त्र आले. “तक्रार केलीस तर परत धाडीन,” एवढे शब्द पुरत. भाषा परकी, माहेर समुद्रापलीकडे, हाती पैसा नाही आणि पोटात मूल. अशा स्त्रीने जावे कोठे? या छळाची झळ गर्भासही पोहोचते. पतीचा मार सोसणाऱ्या स्त्रियांत कमी वजनाचे मूल जन्मण्याची शक्यता १६ टक्क्यांनी अधिक असते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली नमूद केले.

भारतीय घरेही यास अपवाद नव्हती. दक्षिण आशियाई स्त्रियांना आधार देण्यासाठी न्यू जर्सीत १९८५ सालीच ‘मानवी’ ही संस्था निघाली होती. पुढे १९९० साली छळ झालेल्या पत्नीस पतीच्या सहीवाचून अर्ज करण्याची सवलत मिळाली. १९९४ च्या कायद्याने अमेरिकन नागरिकाच्या वा कायम रहिवाशाच्या पीडित पत्नीस वास्तव्यासाठी स्वतःच मूळ अर्ज करता येऊ लागला.

राज्याने हे उशिरा ओळखले; चर्चच्या संहितेत मात्र ते आधीच होते. १९१७ च्या संहितेतील कलम ११३१ आणि १९८३ च्या संहितेतील कलम ११५३ यांनुसार, जोडीदाराकडून शरीरास वा आत्म्यास गंभीर धोका असल्यास विभक्त राहण्यास न्याय्य कारण मिळते. विलंब घातक असेल तर स्वतःच्या निर्णयानेही निघता येते. विवाहबंधन त्याने तुटत नाही. तरीही आम्ही धर्मगुरू पुष्कळदा केवळ “सोसा” एवढेच सांगत आलो, हे कबूल केले पाहिजे.

हागारेस परत जाण्यास सांगितले गेले, हे खरे. परंतु एकविसाव्या अध्यायात ती मुलासह पुन्हा रानात आली, तेव्हा देवाने तिला परत धाडले नाही. पाण्याची विहीर दाखविली. परदेशी दिलेल्या आपल्या मुलीचे पत्र येईल तेव्हा आम्ही कोणता अध्याय उघडणार, हे विवाहपूर्व वर्गातच ठरावयास हवे.