मोडीचा फॉन्ट: वाचायचा वेगळा, गिरवायचा वेगळा

आजचा एपिसोड वाचणाऱ्यांसाठी लिहून काढलाय.

मी रसायनीचा. १९६० मध्ये हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्सची स्थापना झाली आणि आमच्याकडे कारखान्यांचं गाव उभं राहिलं. पण पाताळगंगेकाठची शेतं त्याच्या कितीतरी आधीची. कुलाबा जिल्हा होता तेव्हाचे कागद काढले की समोर येते मोडी, आणि घरात कोणालाच ती वाचता येत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती गरज आहे ते सगळ्यांनाच कळलं.

मोडी म्हणजे आपली कर्सिव्ह. आधी ओळभर शिरोरेघ मारायची, मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागाही सोडायची नाही. कारकुनाला घाई असते हो!

हीच घाई छपाईला नडली. विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० मध्ये श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, मोडी खिळ्यांत छापला गेला. पण खिळा म्हणजे एकेक सुटं अक्षर, आणि मोडीचा जीव जोडण्यात. पुढे छापखान्यात बाळबोधच राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेतूनही मोडी गेली.

२०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये मोडीला ७९ कोड मिळाले. आता इथे माझ्यातला इंजिनिअर बोलणार, सहन करा. युनिकोड फक्त 'हे क आहे, हा काना आहे' एवढंच सांगतं. दोन्ही मिळून होणारं वळण फॉन्टमधल्या नियमांनी घडतं. त्यामुळे फॉन्ट निवडताना सुटी बाराखडी बघू नका. 'काका', 'सरकार' असे शब्द टाईप करा आणि जोड नीट येतात का ते बघा.

तरी गिरवायला एवढं पुरत नाही. फॉन्टमध्ये अक्षराची बाहेरची कड साठवलेली असते. बोरू कुठून सुरू झाला, कुठे वळला, ते त्यात नसतंच. गिरवायच्या पानावर एकेरी रेघ हवी, सुरुवातीचा ठिपका हवा, बाण हवेत. हे काम हाताने करावं लागतं, आणि माझ्या मते नवा देखणा फॉन्ट बनवण्यापेक्षा तेच जास्त गरजेचं आहे.

शिवाय हात काळाप्रमाणे बदलतो. पेशवेकाळातलं चिटणिशी वळण वेगळं, इंग्रजी अमलातलं टाकाने लिहिलेलं वेगळं. तुमच्या घरचा कागद १८९० चा असेल तर फॉन्टवर पंधरा दिवस पुरे; मग सरळ त्याच काळातल्या दस्ताचा फोटो मोठा करा, वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि शिरोरेघेपासून सुरू करा.