पराभूतांचा पहिला हक्क

१७ एप्रिल १९९९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या थिएटरात फिलाडेल्फिया ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाने डोनोव्हन मॅकनॅब या खेळाडूची निवड केल्याचं जाहीर झालं, आणि सभागृहातून हुर्यो उठली. हुर्यो उडवणारे प्रतिस्पर्धी संघाचे नव्हते. ते ईगल्सचेच चाहते होते. फिलाडेल्फियातल्या डब्ल्यूआयपी या खेळांना वाहिलेल्या रेडिओ केंद्राचे निवेदक अँजेलो कटाल्डी यांनी तीसेक श्रोत्यांना बसमध्ये घालून तिथे आणलं होतं. त्यांना हवा होता टेक्सास विद्यापीठाचा रिकी विल्यम्स. मंचावर आलेला मॅकनॅब तेव्हा बावीस वर्षांचा होता. चित्रफितीत त्याचा चेहरा दिसतो. तो हसण्याचा प्रयत्न करतो आहे.

गेली काही वर्षं मी खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा इतिहास जमवतो आहे. हे काम मी कुठल्या विद्यापीठात शिकलो नाही, आणि अमेरिकन फुटबॉलचा एक सामना पूर्ण समजून घ्यायला मला चाळिशी उलटावी लागली. पण ही हुर्यो मला खेळापलीकडची वाटते, कारण ज्या व्यवस्थेत ती उडवली गेली ती व्यवस्था याच शहराने, याच संघाच्या मालकाने जन्माला घातलेली आहे.

आपल्याला आयपीएलचा लिलाव ठाऊक आहे. ज्याच्याकडे पैसा शिल्लक आणि हात वर करायची हिंमत, त्याला खेळाडू. अमेरिकन फुटबॉलमधला ड्राफ्ट याच्या उलट चालतो. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची यादी समोर असते आणि संघ पाळीपाळीने एकेक नाव उचलतात. पहिली पाळी गेल्या मोसमात सर्वांत तळाला राहिलेल्या संघाची, शेवटची विजेत्याची. ज्याने तुमचं नाव घेतलं, त्याच्याशीच तुम्ही करार करायचा. आपल्याकडेही याचं एक उदाहरण आहे. २००८ साली आयपीएलच्या पहिल्या मोसमात १९ वर्षांखालच्या खेळाडूंसाठी लिलाव नव्हता, ड्राफ्ट होता. दिल्लीने आपल्या पाळीला प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला आणि विराट कोहली बंगळुरूकडे गेला. सांगवानही दिल्लीचाच, शिवाय दिल्लीकडे फलंदाज भरपूर होते. त्या दिवशी या निवडीत वावगं असं काही नव्हतं. आज मात्र ती चेष्टेचा विषय आहे.

मूळ कल्पना बर्ट बेल यांची. फिलाडेल्फियातल्या श्रीमंत घराण्यातला हा माणूस १९३३ मध्ये ईगल्सच्या मालकांपैकी एक झाला. संघ हरत होता आणि पैसा बुडत होता. बेल यांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या स्टॅन कोस्टका या गाजलेल्या खेळाडूला आपल्याकडे ओढायचा बराच प्रयत्न केला, पण तो ब्रुकलिनच्या संघाकडे गेला. त्या काळात शिकागो आणि न्यूयॉर्कचे संघ चांगले खेळाडू घेऊन जात आणि उरलेले बाकीच्यांच्या वाट्याला येत. मे १९३५ मध्ये मालकांच्या बैठकीत बेल यांनी प्रस्ताव मांडला, की दुबळ्याला आधी निवडू द्या. शिकागोचे जॉर्ज हॅलस आणि न्यूयॉर्कचे मारा यांचं यात नुकसान होतं, तरी त्यांनी मान्यता दिली. सगळेच संघ बुडाले तर आपण खेळणार कुणाशी, हा हिशेब त्यांना कळत होता. दुसराही एक हिशेब होता, तो कमी बोलला जातो. एका खेळाडूसाठी दोन संघांनी बोली लावणं थांबलं, की खेळाडू स्वस्त होतो.

पहिला ड्राफ्ट ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात झाला. फळ्यावर ९० नावं लिहिलेली होती. नऊ संघांनी नऊ फेऱ्यांत ८१ निवडली. तेव्हा संघांकडे खेळाडू पारखून आणणारी माणसं नव्हती. बरीचशी माहिती वर्तमानपत्रांतून गोळा केलेली. निवडलेल्या ८१ जणांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. तसं पहिलं नाव, जॉर्ज टालिआफेरो यांचं, यायला १९४९ साल उजाडलं.

१९३५ च्या मोसमात ईगल्सने दोन सामने जिंकले होते आणि नऊ हरले होते, त्यामुळे पहिली पाळी त्यांची. बेल यांनी शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचं नाव घेतलं. देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला दिला जाणारा, आज हाइजमन म्हणून ओळखला जाणारा चषक पहिल्यांदा त्यालाच मिळाला होता. पण त्याने मागितलेले पैसे बेल यांच्याकडे नव्हते. त्याच्यावरचा हक्क त्यांनी हॅलस यांना देऊन टाकला. हॅलस यांच्याशीही सौदा जमला नाही. बरवँगरने फोम रबराच्या एका कंपनीत नोकरी धरली आणि तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. पुढे त्याने स्वतःचा कारखाना काढला आणि चांगला चालवला. तो चषक त्याच्या मावशीच्या घरी बरीच वर्षं दाराला अटकाव म्हणून ठेवलेला होता.

त्या वर्षी निवडलेल्या नऊ जणांपैकी एकालाही ईगल्स करारबद्ध करू शकले नाहीत. त्याच वर्षी खुद्द संघाचाच लिलाव झाला आणि बेल यांनी तो ४,५०० डॉलरला एकट्याने विकत घेतला. १९३६ च्या मोसमात ईगल्स बारापैकी अकरा सामने हरले.

म्हणजे दुबळ्याला सावरण्यासाठी काढलेल्या या योजनेने पहिल्या वर्षी दुबळ्याला काहीच दिलं नाही. तरी ती टिकली. मालकांना ती सोयीची होतीच, पण मला वाटतं तिने हरणाऱ्या संघाच्या चाहत्यालाही एक गोष्ट दिली, जी त्याच्याकडे आधी नव्हती: वाद घालण्यासारखं काहीतरी. मोसम संपला, संघ तळाला गेला, तरी आता पुढच्या वर्षीचा एक मुलगा कुठेतरी आहे आणि तो आपल्याला मिळणार आहे.

या आशेचा विचित्र परिणाम १९६८ साली दिसला. त्या मोसमात ईगल्स ओळीने अकरा सामने हरले. चाहते प्रशिक्षक जो कुहॅरिक यांच्या हकालपट्टीच्या घोषणा देत होते, पण एक दिलासा होता. सर्वांत वाईट संघाला दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा ओ. जे. सिम्प्सन मिळणार होता. आणि मग ईगल्स लागोपाठ दोन सामने जिंकले! पहिली पाळी बफेलोकडे गेली. १५ डिसेंबरला शेवटच्या सामन्याच्या मध्यंतरात फ्रँकलिन फील्डवर सांताक्लॉज आला तेव्हा प्रेक्षकांनी त्याच्यावर बर्फाचे गोळे फेकले. ही गोष्ट अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या लोकांच्या असभ्यपणाचा दाखला म्हणून आजही सांगितली जाते. ते गोळे फेकणाऱ्यांच्या मनात गेलेला सिम्प्सन होता, हे सांगताना गाळलं जातं. ईगल्सला तिसऱ्या पाळीत लीरॉय कीज मिळाला. तो बेताचाच निघाला. सिम्प्सनने १९७३ मध्ये एका मोसमात २,००३ यार्ड धावण्याचा विक्रम केला, तोही बफेलोकडून. (त्याचं पुढचं आयुष्य वाचकांना माहीत आहे.)

१९९९ कडे परत येऊ. आदल्या मोसमात ईगल्स सोळापैकी तेरा सामने हरले होते आणि अँडी रीड हे नवे प्रशिक्षक आले होते. पाळी दुसरी होती. चाहत्यांचं म्हणणं काय होतं? विल्यम्स हा चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. महाविद्यालयीन कारकिर्दीत ६,२७९ यार्ड धावून त्याने विक्रम केला होता, आणि हाइजमन चषकही त्याच्याकडे होता. मॅकनॅब क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चालीत चेंडू कुणाकडे जाणार हे ठरवणारा. ही जागा महत्त्वाची खरी, पण विद्यापीठातला यशस्वी क्वार्टरबॅक व्यावसायिक खेळात कितपत टिकेल हे सांगणं सर्वांत कठीण. सिद्ध झालेलं सोडून संभाव्य का घ्यायचं, असा प्रश्न होता. शहराचे तेव्हाचे महापौर एड रेंडेल हेही विल्यम्सच्याच बाजूचे होते. न्यू ऑर्लिन्सचे प्रशिक्षक माइक डिट्का तर विल्यम्ससाठी इतके उतावीळ झाले होते, की पाचव्या पाळीसाठी त्यांनी त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या निवडी आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या व तिसऱ्या फेरीतल्या निवडी देऊन टाकल्या. अनुभवी प्रशिक्षकच जिथे असं करतो, तिथे बसमधल्या तीस जणांना अडाणी म्हणायला मी तयार नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात. न्यू ऑर्लिन्सने त्या मोसमात तीनच सामने जिंकले आणि डिट्कांची नोकरी गेली. विल्यम्सने २००२ मध्ये मायामीकडून १,८५३ यार्ड धावून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि २००४ मध्ये ऐन भरात अचानक निवृत्ती घेतली. नंतर तो परतला. त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या आणि तिसऱ्या पाळीत घेतलेले क्वार्टरबॅक, टिम काउच आणि अकिली स्मिथ, काही वर्षांतच दिसेनासे झाले. मॅकनॅबने ईगल्सला पाच वेळा विभागीय अंतिम फेरीपर्यंत आणि एकदा सुपर बोलपर्यंत नेलं. तो सामना ते २१-२४ असे हरले. मॅकनॅबबद्दलचा वाद मात्र तो असेपर्यंत मिटला नाही. २०१० मध्ये संघाने त्याला वॉशिंग्टनकडे दिलं, आणि २०१३ मध्ये त्याचा पाच क्रमांक समारंभाने निवृत्त केला. तेव्हा टाळ्या वाजल्या.

तर मग चाहते चुकले आणि व्यवस्थापन बरोबर होतं, असं म्हणून सोडून द्यावं का? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी ड्राफ्टच्या आकडेवारीवर एक निबंध लिहिला आहे. (थेलर यांना पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) एखाद्या जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता त्यांना सुमारे ५२ टक्के आढळली. छापा-काट्यापेक्षा किंचित जास्त. संघ पहिल्या काही पाळ्यांना त्यांच्या लायकीपेक्षा फार जास्त किंमत देतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. ईगल्सचं व्यवस्थापन त्या दिवशी शहाणं ठरलं. क्लीव्हलँड आणि सिनसिनाटीची माणसंही तितकाच अभ्यास करून बसली होती.

या सगळ्या वादावादीत एक प्रश्न कुणी विचारलेला मला सापडत नाही: मॅकनॅबला कुठे जायचं होतं? विल्यम्सला? प्रश्न सुचत नाही, कारण ड्राफ्टमध्ये त्याला जागाच नाही. मोठ्या कायदेशीर आव्हानांपैकी एक जेम्स स्मिथ यांनी दिलं. १९६८ मध्ये वॉशिंग्टनने त्यांना पहिल्या फेरीत निवडलं. पहिल्याच मोसमाच्या शेवटच्या सामन्यात मानेला दुखापत झाली आणि कारकीर्द संपली. ड्राफ्ट नसता तर मी अनेक संघांशी बोलून दुखापतीची हमी देणारा करार मिळवला असता, असं त्यांचं म्हणणं. १९७८ मध्ये अपील न्यायालयाने त्या काळचा ड्राफ्ट स्पर्धाविरोधी ठरवला. पण तोवर १९७७ च्या करारात खेळाडूंच्या संघटनेनेच ड्राफ्टला संमती दिलेली होती, त्यामुळे तो चालू राहिला. ज्यांच्या वतीने ही संमती दिली गेली, ते पुढच्या वर्षांचे खेळाडू अजून शाळेत होते.

बरवँगर नाही म्हणू शकला, कारण १९३६ मध्ये फोम रबर विकून बऱ्यापैकी मिळकत होत होती. आज पहिल्या पाळीच्या कराराची रक्कम पाहता कुणी नाही म्हणणार नाही. चाहत्याने त्या मुलाला आधीच आपला मानलेलं असतं, म्हणून तर तो दुसराच मंचावर आला की हुर्यो उठते.

बर्ट बेल पुढे लीगचे आयुक्त झाले आणि ११ ऑक्टोबर १९५९ रोजी फ्रँकलिन फील्डवर ईगल्सचा सामना पाहत असतानाच वारले. २०१७ मध्ये ड्राफ्ट पुन्हा फिलाडेल्फियात, कला संग्रहालयाच्या पायऱ्यांवर भरला, तेव्हा ईगल्सने चौदाव्या पाळीत डेरेक बार्नेटला निवडलं. संघात आधीपासून ब्रँडन ग्रॅहम होता. त्याला २०१० मध्ये तेराव्या पाळीत घेतल्यापासून चाहते हळहळत होते, की त्याच्याऐवजी अर्ल थॉमस घ्यायला हवा होता. फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये शेवटची दोनेक मिनिटं उरली असताना ग्रॅहमने टॉम ब्रेडीच्या हातातला चेंडू उडवला आणि तो बार्नेटने उचलला. ईगल्स ४१-३३ ने जिंकले, त्यांचा हा पहिलाच सुपर बोल.