भूजल प्रतिमानातील भूस्तर-गुणधर्मांचे अनुमान
भूजलप्रवाहाचे गणिती प्रतिमान चालवण्यासाठी माती व खडकांची जलवाहकता आणि साठवणक्षमता यांची मूल्ये ठरवण्याची प्रक्रिया. दार्सी यांच्या 1856 मधील नियमात जलवाहकता हाच कळीचा गुणक असून चिकणमाती व जाडी रेती यांच्यात तो कोटी पटींनीही बदलतो.

प्रयोगशाळेत तपासलेला दगडाचा तुकडा भेगांतून वाहणाऱ्या पाण्याविषयी फारसे सांगत नाही. म्हणून विहिरीवर उपसा-चाचणी घेतात. पाण्याची पातळी किती वेळात किती खाली गेली, यावरून थाइस यांच्या 1935 च्या सूत्राने मूल्ये निघतात. हे सूत्र विहिरीचा व्यास नगण्य मानते. महाराष्ट्राच्या बेसॉल्ट प्रदेशातील रुंद शेतविहिरींना ते तसेच लावले, तर फसगत होते : पंप सुरू झाल्यावर आधी विहिरीतलेच पाणी उपसले जाते, खडकातले नंतर. पापाडोपुलस व कूपर यांनी 1967 मध्ये हा साठा हिशेबात धरला. पंप थांबल्यावर पाणी कसे चढते, याची नोंदही उपयोगी पडते. या बेसॉल्ट प्रदेशात मुरमाखाली मांजऱ्या (सच्छिद्र) खडक, त्याखाली काळा पाषाण असे थर असतात. झिजलेल्या वा सच्छिद्र बेसॉल्टमधून निथळून मिळणारे पाणी घनफळाच्या साधारण 1 ते 3 टक्केच भरते.

पुढे मोजलेल्या पातळ्यांशी प्रतिमान जुळेपर्यंत मूल्ये बदलतात. मात्र स्थिर प्रवाहाच्या, बंदिस्त जलधराच्या (पाणी धरणाऱ्या थराच्या) प्रतिमानात पुनर्भरण आणि जलवाहकता दोन्ही दुप्पट केली, तरी पातळ्या बहुधा त्याच येतात. ओढ्यातील उन्हाळी, म्हणजे भूजलातून येणाऱ्या, प्रवाहाचे मोजमाप हाती असल्याशिवाय अशा जुळणीवर विसंबू नये.